रुमालाखालचा हात

शेट्यांच्या पेढीनं कुठलं इंटरनेट घ्यावं, हा विषय त्या वर्षी तासगावच्या बेदाणा बाजारात जेवढा चघळला गेला, तेवढं एखाद्या घरचं मोडलेलं लग्नही चघळलं जात नाही. चहाच्या गाड्यावर बसणाऱ्या ज्याला त्याला त्यात मत होतं. घरातल्या वायफायचा पासवर्ड ज्यांना नातवाला विचारावा लागे, तेही राजेश्वरीला रस्त्यात थांबवून सांगत, "अक्का, केबलच घ्या बरं का. आभाळातलं काय खरं नसतंय."

राजेश्वरी शेटे हसून पुढं जाई. पेढी वडिलांची. शिवलिंगप्पा शेटे, म्हणजे अख्ख्या बाजाराचे अप्पा, गेल्यावर तिनं ती हातात घेतली, तेव्हा बाई सौदे काढणार म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. आता तेच आपला माल तिच्या दारात उतरवत. पण इंटरनेटचा हा निर्णय तिला खरोखर जड जात होता. कारण या बाजारात त्या तारेतून नुसते आकडे येत नव्हते, माणसाचा हात येत होता.

त्याचं असं झालं होतं. फार पूर्वी इथं रुमालाखाली सौदे चालत. अडत्या, म्हणजे कमिशनवर शेतकऱ्याचा माल विकून देणारा, आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालत, खरेदीदार बोटं दाबून भाव सांगे, आणि शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नसे. त्यात लबाड्या होतात म्हणून ती पद्धत बंद झाली. मग उघडे लिलाव आले, त्यानंतर संगणकावरचे. दिल्ली, इंदूर, सिलिगुडीचे खरेदीदार घरबसल्या बोली लावू लागले, आणि बघता बघता माणसं बाजूला होऊन त्यांचे प्रोग्रॅमच एकमेकांशी बोली लावू लागले. शेतकऱ्यानं तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत भाव आभाळाला टेकून पुन्हा मातीत आलेला असे. लोक हवालदिल झाले. शेवटी नियम निघाला की जिवंत माणसाच्या हाताशिवाय सौदा नाही. खरेदीदारानं त्याच्या गावी एक पातळ हातमोजा घालायचा, अडत्यानं इथं घालायचा. तिकडं दाबलेलं बोट इकडं जाणवे, हाताची ऊबसुद्धा लागे. कितीला सौदा झाला याची नोंद आपोआप होई, त्यामुळं लबाडीला जागा नव्हती. जुन्या व्यापाऱ्यांनी हट्ट एवढाच धरला, की मोजा घातलेल्या हातावर रुमाल टाकायचा. त्याचा उपयोग शून्य. पण रुमालाशिवाय सौदा म्हणजे त्यांना उघड्या डोक्यानं पूजेला बसल्यासारखं वाटे.

रुमालाबरोबर दोन जुने रिवाजही परत आले. भाव पटला की खरेदीदार अडत्याच्या हातात मूठ वळायचा. मूठ वळली की शब्द गेला, मग नुकसान होवो नाहीतर घर बुडो, माघार नाही. आणि बोटं दाबताना खरेदीदाराचा हात अडखळला, तर अडत्यानं मूठ वळूच द्यायची नाही. हात सोडायचा आणि म्हणायचं, "पुन्हा बोला." अप्पांचं नाव झालं होतं ते याच्यावरच. समोरच्याचा हात जरा जरी कचरला तरी ते हात सोडत, आणि त्यापायी कित्येक सौदे त्यांनी घालवले होते.

समीर मुजावर हा राजेश्वरीचा शाळेपासूनचा मित्र. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांची जोडणी त्यानंच केलेली. तो एका दुपारी पेढीवर आला, पंख्याखालची खुर्ची ओढली आणि आधी तिचा एक गैरसमज त्यानं काढून टाकला. लोक वेग वेग करतात, पण वेग वेगळा आणि विलंब वेगळा, असं त्याचं म्हणणं. "रस्ता आठपदरी केला म्हणून सांगली जवळ येत नाही," तो म्हणाला. "गाड्या जास्त मावतात, एवढंच. तुला गाड्या किती मावतात याच्याशी कर्तव्य नाही. तुझी एकच गाडी आहे, ती वेळेवर आणि एका चालीत यायला पाहिजे."

मग त्यानं एकेक पर्याय उलगडून सांगितला. गल्लीत सगळ्यांना मिळून असलेली फायबरची जोडणी स्वस्त, पण हंगामात सगळ्याच पेढ्या एकदम सुरू झाल्या की सकाळच्या नळासारखी तिची धार बारीक होते. स्वतःपुरती वेगळी लाइन घेतली तर ती चोवीस तास तुमचीच, जायला जेवढी रुंद तेवढीच यायला, पण महाग. आणि तुमच्या दारात ती कितीही चांगली असली तरी खरेदीदाराच्या दारात काय आहे ते तुमच्या हातात नाही. उपग्रहाची जोडणी रानावनातही पोचते, पण ढग दाटले की रुसते. आणि तिन्हींत गोम एकच. सिनेमा बघायला यातलं काहीही चालेल, बोलायलाही चालेल, पण स्पर्शाला नाही. डोळा थोडा उशीर माफ करतो, कानही करतो, हात करत नाही. सेकंदाचा शंभरावा भाग मागंपुढं झाला तरी समोरचा हात तुटक तुटक लागतो, खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीचा दांडा धरून उभं राहिल्यासारखा.

"म्हणून आता ही आलीय," समीर म्हणाला. "निर्विलंब."

तिनं विचारलं, की प्रकाशापेक्षा जोरात काही पळत नाही असं आपण दोघं एकाच बाकावर बसून शिकलो, मग विलंब जाईल कुठं?

समीरला हा प्रश्न हवाच होता. तो म्हणाला, विलंब जात नाही, झाकला जातो. तुझ्या पेढीवर एक पेटी बसेल. प्रत्येक खरेदीदाराचा हात ती शिकेल. तो कसा दाबतो, कुठल्या मालाला किती जातो, मूठ कशी वळतो, सगळं. मग इंदूरहून खरा हात यायच्या आधीच, तो आता काय करील याचा अंदाज करून ती तुझ्या तळव्यावर तसा दाब देईल. खरा हात मागून पोचला आणि अंदाज बरोबर निघाला तर प्रश्नच नाही. चुकला, तर तुला कळायच्या आत ती दुरुस्त करील. आणि प्रत्येक चुकीतून शिकेल.

"आपला संभा चहावाला नाही का," तो म्हणाला, "तुला लांबून बघितलं की बिनसाखरेचा ओतायला घेतो. तू तोंड उघडेपर्यंत कप समोर."

"आणि एखाद्या दिवशी मला साखर हवी असली तर?"

"मग सांगशील त्याला. तो बदलून देईल."

उदाहरण पटण्यासारखं होतं, आणि राजेश्वरीला ते पटलं. तिनं निर्विलंब घेतली.

पेटी सगळ्यांचे हात शिकली, त्यानंतरच्या पहिल्याच सौद्याला फरक कळला. रुमालाखाली सिलिगुडीचा हात आला तो असा, की माणूस पलीकडच्या गादीवर बसलाय. धक्के नाहीत, तुटकपणा नाही. दिल्लीचा आला, कानपूरचा आला, आणि मग इंदूरचा आला. रुंद, दमदार, मधल्या बोटानं जरा जास्तच दाबणारा तो हात तिनं लहानपणापासून ओळखलेला होता.

इंदूरच्या सियागंजात किराणा आणि सुक्या मेव्याचा व्यापार करणारे रघुनाथराव मुंगी. दर हंगामाला ते तासगावात येत, अप्पांच्या घरी उतरत, आणि येताना शेवेचा डबा आणत. राजेश्वरी सात-आठ वर्षांची असताना त्यांनीच एकदा तिचा हात रुमालाखाली घेतला आणि कुठलं बोट म्हणजे काय ते शिकवलं. त्या दिवशी तिनं त्यांच्याशी एका लिमलेटच्या गोळीचा सौदा केला होता. मूठ वळून. अप्पा गेले त्या वर्षी सगळ्या बाजाराचं लक्ष होतं, की शेट्यांच्या पोरीबरोबर पहिला सौदा कोण करतो, आणि तिच्या हातात पहिली मूठ रघुकाकांनी वळली. तिला या धंद्यात कुणी उभं केलं असेल तर त्या हातानं.

दोन हंगाम झकास गेले. सौदे भराभर उरकू लागले. दुपारपर्यंत माल मोकळा होतो म्हणून शेतकरी खूश, दिवसात जास्त सौदे बसतात म्हणून खरेदीदार खूश. समोरच्या दोन पेढ्यांनीही निर्विलंब घेतली. समीर गल्लीतून जाताना लोक त्याला चहाला बोलावू लागले.

एकच गोष्ट तिला कुसळासारखी सलत होती. रघुकाका फोनवर तुटक बोलू लागले होते. आधी अर्धा अर्धा तास गप्पा छाटणारा माणूस, आता "ठीक आहे, ठेवतो" वर आला. दिवाळीला शेवेचा डबा आला नाही. आता तब्येतीनं प्रवास झेपत नाही एवढंच सांगून त्यांनी येणंही बंद केलं होतं. तिनं तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, "तुला काय सांगायचं ते." त्या बोलण्याला धार होती आणि ती तिला लागली. पण रुमालाखाली हात यायचा तो तसाच, दमदार. घेत होते तेही भरपूर, हलका काळा बेदाणासुद्धा, जो त्यांनी आयुष्यात कधी उचलला नव्हता. तिनं मनाची समजूत घातली, की माणूस म्हातारा झाला की तिरसट होतो. खरं सांगायचं तर तिला रागही आला होता. आपण काय केलं म्हणून यांनी फुगावं?

मग तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर निरोप आला, की मुंगी व्यापार आवरताहेत. फोनवर विचारून उत्तर मिळालं नाही, तेव्हा राजेश्वरी उठली आणि इंदूरला गेली.

दुकान तेच होतं, पण आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. भिंतींना लागून छतापर्यंत बेदाण्याचे बॉक्स, वाटेत बॉक्स, देवाच्या फोटोखाली बॉक्स. बहुतेकांवर शेट्यांच्या पेढीचं नाव. काळा माल, गेल्या हंगामाचा, पडून. रघुकाका गादीवर बसले होते. तिला बघून त्यांनी "ये, बैस" म्हटलं, पण त्यांचा चेहरा खुलला नाही.

तिनं वाकून नमस्कार केला आणि सवयीनं त्यांचा हात हातात घेतला. तो थरथरत होता. थंडीनं किंवा रागानं थरथरतो तसा नव्हे. आत कुणीतरी सतत हलवत असल्यासारखा. अंगठा तर्जनीवर आपोआप घासला जात होता आणि थांबत नव्हता. 

"काका, हे कधीपासून?"

ते तिच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "मला काय विचारते? दर सौद्याला हात तर तुझ्याच हातात असतो."

मग तेच बोलत गेले, हळू, एकेक शब्द ठेवत. कंपवात निघाला त्याला दोन वर्षं होत आली. घरच्यांना सांगायच्या आधी ते राजीला कळणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, कारण लपवायचं ठरवलं तरी हात लपत नाही. ते वाट बघत राहिले, की ती आता विचारील, मग विचारील. तिनं विचारलं नाही. नंतर भलताच प्रकार सुरू झाला. नको असलेल्या मालालाही सौदा पक्का झाल्याचा निरोप यायचा. आपण तर अजून मनाशी ठरवत होतो, असं त्यांना वाटायचं. पण ज्याचा हात स्वतःच्या ताब्यात नाही त्यानं वाद कुठल्या तोंडानं घालायचा? हललं असेल बोट, वळली असेल मूठ. वळली ती वळली.

"मी माल उचलला, राजी. एक बॉक्स परत नाही केला," ते म्हणाले. "पण मला वाटायचं, पोरीला कळत असेल ना हात कापतोय ते. सोडेल ती. म्हणेल, पुन्हा बोला. अप्पांनी सोडला असता."

राजेश्वरी त्या बॉक्सांच्या मध्ये बसून रडली. तिला रडताना बघून म्हाताऱ्याचाही धीर सुटला, पण गैरसमज तेवढ्यानं फिटला नाही. तुमचा हात मला कधी असा लागलाच नाही, हे ती सांगत होती. आणि स्वतःचा हात रात्रंदिवस बघणाऱ्या माणसाला ते खरं वाटणं शक्य नव्हतं.

परत आल्यावर तिनं समीरला पेटीसमोर बसवलं. त्यानं दोन दिवस लावले. मग खाली मान घालून तिच्यासमोर आला, आणि जे सांगितलं ते सरळ होतं.

खराब लाइनवरून हात आला की तो थरथरल्यासारखा, तुटक लागतो. तो तुटकपणा पुसून टाकणं हेच पेटीचं काम. आता रघुकाकांचा हात खरोखरच थरथरायला लागला तेव्हा पेटीनं तोही लाइनचाच दोष धरला आणि पुसला. राजेश्वरीच्या तळव्यावर तिनं ठेवला तो दोन वर्षांपूर्वी शिकलेला हात, धडधाकट.

"आणि मूठ?" तिनं विचारलं.

समीर म्हणाला, "निर्विलंब बाकीच्या बाजारांतही चालते. तिथं पेटीनं चुकीचा अंदाज केला की लोक भांडतात. मी हे मागितलंच नव्हतं म्हणतात, सौदा मोडतात. पेटीला कळतं की आपलं चुकलं, पुढच्या वेळी ती दबकून वागते. तुमच्या बाजारातून तिला एकही तक्रार गेलेली नाही. एकही नाही. तिनं चुकून मूठ वळली तरी पलीकडचा माणूस मुकाट माल उचलतो. मग तिला काय कळणार? तिला वाटलं आपलं बरोबरच आहे. प्रत्येक वेळी ती थोडी आधी मूठ वळायला लागली. इथली पेटी सगळ्यात हुशार म्हणून कंपनीनं मला बक्षीस दिलं होतं."

कुठले सौदे काकांचे आणि कुठले पेटीचे, हे तरी निवडता येईल का, असं तिनं विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मूठ वळली की मागून पोचलेला खरा हात पेटी टाकून देते. दोन वर्षांतलं काय कुणाच्या मनानं झालं, ते आता कुणालाच कळणार नाही.

तो गेल्यावर राजेश्वरी बाहेर आली. संभा चहावाल्यानं तिला लांबून बघितलं आणि बिनसाखरेचा कप भरला. तो हातात घेताना तिला आठवलं, की महिन्यातनं एखाद्या दिवशी तिला गोड चहा प्यावासा वाटतोच. आजवर तिनं त्याला तसं एकदाही सांगितलं नव्हतं. ओतलेला असायचा, त्याचं मन कशाला मोडायचं म्हणून ती पीत आली होती.

त्या आठवड्यात तिनं निर्विलंब काढायचं ठरवलं. समीरनं तिला मित्र म्हणून सगळं समजावलं. स्वतःपुरती वेगळी लाइन घेतलीस तरी हात तुटक येणार, सौद्याला वेळ लागणार. समोरच्या पेढ्या दुपारी मोकळ्या होतील आणि तुझ्या दारात उन्हं उतरेपर्यंत माल पडून राहील. शेतकरी माल उचलून तिकडं नेतील. त्यात खोटं काही नव्हतं. सावळजचे एक जुने बागायतदार, अप्पांच्या वेळेपासून तिच्याकडंच माल आणणारे, तिला तोंडावर म्हणाले, "अक्का, तुमचं खरं असंल. पर आमाला गाडी भाड्याची असती." तिला त्यांचा राग आला नाही. पेढी बुडाली तर ती अशीच बुडणार होती, भल्या माणसांच्या साध्या सोयीनं.

सौदा सुरू व्हायच्या आधी एका सकाळी तिनं सगळ्या खरेदीदारांना एकदम लाइनवर घेतलं आणि झालं ते सांगून टाकलं. ज्यांनी कुणी मनाविरुद्ध माल उचलला असेल त्यांनी सांगावं, पेढी तो परत घेईल. लाइनवर शांतता झाली. दिल्ली बोलली नाही, कानपूर बोललं नाही. शब्द दिला होता तो आपला नव्हता असं म्हणणंसुद्धा त्यांना शब्द मोडल्यासारखं वाटत होतं. कुणी बोललं नाही म्हणजे कुणाचं काही गेलं नाही, असं आता तिला वाटत नव्हतं. थोड्या वेळानं सिलिगुडीच्या माणसानं फक्त एवढंच विचारलं, की नवी लाइन कधीपासून चालू होणार. त्याच्या आवाजात तिला सुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. कदाचित तिला तसं ऐकायचं असेल.

रघुकाका त्यात नव्हते. त्यांना तिनं वेगळा फोन केला, साधा. समीरनं सांगितलेलं सगळं तिनं आपल्या शब्दांत सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मधली ती जागा भरायला कुणी नव्हतं, आणि तिनंही ती भरली नाही.

"म्हणजे तुला कळलंच नव्हतं," शेवटी ते म्हणाले.

"नाही, काका."

"आणि ती मूठ?"

"ती तुमची नसेलही."

ते हसले, खोकल्यासारखं कोरडं. "पेटीशी सौदा करत बसलो काय आपण दोघं. तू तिकडून, मी इकडून." माल परत घेण्याची गोष्ट त्यांनी काढूच दिली नाही. मूठ कुणाचीही असो, माल त्यांच्या नावानं निघाला होता. शेवटी तोड एवढीच निघाली, की तिनं तो काळा बेदाणा त्यांच्या वतीनं विकावा आणि त्यावर अडत घेऊ नये. हंगामाच्या पहिल्या सौद्याला मोजा घालाल का, असं तिनं विचारलं. बघू, म्हणाले. हात असा, लोक हसतील.

"रुमाल आहे की," ती म्हणाली.

पहिल्या सौद्याच्या दिवशी समोरच्या पेढ्यांसमोर गाड्यांची रांग होती आणि तिच्या दारात मोजकेच लोक. सावळजचे ते बागायतदार मात्र आले होते. अर्धा माल तिकडं आणि अर्धा इकडं, असा मध्य त्यांनी काढला होता. राजेश्वरीनं मोजा चढवला, अप्पांचा जुना चौकटीचा रुमाल हातावर टाकला आणि पहिला नमुना कॅमेऱ्यासमोर थाळीत पसरला. हिरवा बेदाणा, लांबट, पातळ सालीचा.

दिल्लीचा हात आला, खड्ड्यांतून आल्यासारखा. पूर्वी तिला याचाच वैताग यायचा. आता ती प्रत्येक धक्क्याला थांबत होती, कुठला धक्का लाइनचा आणि कुठला माणसाचा ते लावून बघत होती. वेळ जात होता. मागं कुणीतरी जांभई दिली.

मग इंदूरचा हात आला.

तिच्या तळव्याला तो लागला तो थरथरतच. बोटं दाबायला येत, निम्म्यात थांबत, पुन्हा येत. तिला भाव कळल्यासारखा वाटला आणि वाटला नाहीही. तिनं हात सोडला.

"पुन्हा बोला, काका."

ती हे मोठ्यानं म्हणाली, रीतच तशी होती. अप्पांनंतर त्या गादीवरून हे शब्द कुणी ऐकले नव्हते. जांभई देणारा सरळ होऊन बसला. सावळजचे बागायतदार रुमालाकडं बघू लागले.

हात पुन्हा आला. तिनं तो अलगद धरला, लहान मुलाचा धरतात तसा, आणि वाट बघितली. अंगठा तर्जनीवर घासत होता. त्याच्यामागं कुठंतरी एक माणूस बसून विचार करत होता, माल बघत होता, स्वतःच्या भरलेल्या दुकानाकडं बघत होता. त्याला हवा तेवढा वेळ तिनं त्याला दिला. समोरच्या पेढीवर तोवर तीन सौदे उरकले.

शेवटी बोटं एकेक करून उघडली आणि तळवा सपाट तिच्या तळव्यावर टेकला. बाजारात त्याचा अर्थ पोरालाही कळतो. नको.

दोन वर्षांत त्या हातानं तिला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. तिचे डोळे भरून आले. एक चांगला सौदा गेला होता आणि तिला इतका आनंद झाला होता, की तो कुणाला दिसू नये म्हणून तिनं मान खाली घातली.

नाही म्हटल्यावर हात काढून घ्यायचा असतो. इंदूरचा हात निघाला नाही, थरथरत तिथंच राहिला. सावळजच्या बागायतदारांनी एकदा रुमालाकडं आणि एकदा तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि घाई नसल्यासारखे ते थाळीतले बेदाणे बोटानं सारखे करत बसले.

"औषध वेळेवर घेता का, काका?" राजेश्वरीनं विचारलं. आणि उत्तराची वाट बघत ती तो हात धरून बसून राहिली.